रिटायर झालेला पत्ता पुन्हा कामाला: तुमच्या दुकानाच्या राउटरमधल्या '१०' ची गोष्ट



दुकानाच्या नेटवर्कवरच्या व्हिडिओनंतर दोन प्रश्न पुन्हा पुन्हा आले. पहिला: "सर, नेटवाला स्टॅटिक आयपीचे वेगळे पैसे मागतोय, द्यायचे का?" दुसरा: "दुसरी शाखा पहिल्या शाखेला जोडली आणि प्रिंटर, बिलिंग सगळंच गोंधळलं, असं का?" वरवर बघता दोन्ही प्रश्न वेगळे वाटतात, पण मूळ एकच आहे. इंटरनेटचे पत्ते कमी पडले आणि जुने, निवृत्त झालेले पत्ते पुन्हा वापरायची वेळ आली. व्हिडिओत हे घाईत सांगून झालं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

वाचायला लागण्याआधी एक छोटं काम करा. मोबाइल दुकानाच्या वायफायला जोडा, सेटिंगमध्ये जाऊन त्या वायफायच्या नावावर टिचकी मारा आणि 'आयपी ॲड्रेस' समोरचा आकडा कागदावर लिहून ठेवा. तो बहुतेक '१९२.१६८' ने किंवा '१०' ने सुरू होत असेल. हा कागद शेवटी लागणार आहे.

नंबर संपले म्हणजे नक्की काय झालं?

इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. आपण अजूनही जी पद्धत सगळ्यात जास्त वापरतो तिचं नाव आयपीव्ही-४, आणि तिचं ठरलेलं रूप १९८१ सालचं आहे. पत्ता म्हणजे टिंब देऊन लिहिलेले चार आकडे, प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. हिशोब केला तर एकूण पत्ते होतात ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. यापेक्षा एकही जास्त नाही.

सुरुवातीला हा आकडा अवाढव्य वाटत होता, त्यामुळे वाटपही सढळ हाताने झालं. पहिला आकडा ज्याच्या नावावर, त्याच्याकडे मागचे सगळे १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ पत्ते! १७ नंबर ॲपलकडे, १८ अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेकडे, १९ फोर्ड मोटर कंपनीकडे. आज हे ऐकून हसू येतं, पण त्या माणसांना मूर्ख म्हणू नका. गावाबाहेरच्या माळाला कोणी विचारत नव्हतं तेव्हा एकराच्या हिशोबात जमीन दिली गेली, आणि पुढे तिथून हायवे गेला, तसं हे झालं.

पुढे घराघरात कॉम्प्युटर आला, मग मोबाइल, मग कॅमेरे. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे पाच मोठे गट पाच विभागीय संस्थांना वाटून टाकले गेले आणि तो साठा रिकामा झाला. आपल्या विभागाची, म्हणजे आशिया-पॅसिफिकची संस्था एपनिक. तिच्याकडे त्याच वर्षी १५ एप्रिलला शेवटचा गट उरला आणि तेव्हापासून तिथे रेशन सुरू झालं. आज नव्या सदस्याला जास्तीत जास्त ५१२ पत्ते मिळतात. आपल्या देशात हे वाटप एपनिकच्या चौकटीत राहून 'इरिन' ही नोंदणी संस्था करते. आता विचार करा, तालुक्यात नव्याने ब्रॉडबँड सुरू करणारा एखादा मुलगा पाच हजार घरं जोडणार असेल, तर ५१२ पत्त्यांत त्याने भागवायचं कसं?

त्यासाठी आधी '१०' या आकड्याची गोष्ट बघू.

'१०' चा पहिला मालक

इंटरनेटच्या आधी अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर उभं राहिलेलं एक नेटवर्क होतं, अर्पानेट. २९ ऑक्टोबर १९६९ ला त्यावरून दोन ठिकाणांमध्ये पहिला संदेश गेला. १ जानेवारी १९८३ ला अर्पानेटने जुनी पद्धत सोडून आजच्या इंटरनेटची पद्धत स्वीकारली. पत्त्यांच्या वहीत अर्पानेटच्या नावासमोर आकडा होता १०. म्हणजे १०.०.०.० पासून १०.२५५.२५५.२५५ पर्यंत सगळं अर्पानेटचं.

१९९० मध्ये अर्पानेट बंद झालं. त्याची जागा नव्या, वेगवान नेटवर्कने घेतली होती. पावणेदोन कोटींच्या आसपास पत्ते रिकामे पडले. मालक गेला आणि वाडा तसाच उभा राहिला.

आता या वाड्याचं काय करायचं? एक मार्ग सरळ होता, तुकडे पाडून नव्या लोकांना वाटून टाकायचे. पण तसं केलं असतं तर ते काही वर्षांत संपलेच असते. त्याऐवजी मार्च १९९४ मध्ये काही इंजिनिअरांनी वेगळाच प्रस्ताव मांडला. त्यांचं म्हणणं असं: बँकेचं एटीएम, दुकानातलं बिलाचं मशीन, विमानतळावरचे वेळापत्रकाचे पडदे, यांना पत्ता लागतो हे खरं. पण बाहेरच्या जगाने थेट त्यांच्यापर्यंत पोचावं अशी गरजच नसते. मग त्यांना जगात एकमेव असा महागडा पत्ता कशाला? काही पत्ते 'खासगी' म्हणून बाजूला काढू. ते ज्याने त्याने आपापल्या भिंतीच्या आत वापरावेत. भिंतीबाहेर मात्र ते चालणार नाहीत.

या खासगी साठ्यात सगळ्यात मोठा गट ठेवला तो अर्पानेटचा रिकामा '१०'. सोबत १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे पत्ते आणि आपल्या ओळखीचे '१९२.१६८' वाले पत्ते आले. फेब्रुवारी १९९६ मध्ये हा नियम सुधारून पक्का झाला आणि तो आजही तसाच चालू आहे.

म्हणजे बघा, वाटून टाकले असते तर १०.०.०.५ हा पत्ता जगात एका यंत्राला मिळाला असता. निवृत्त करून सगळ्यांना वापरायला दिल्यामुळे आज तोच पत्ता जगभरातल्या असंख्य ऑफिसांत एकाच वेळी कामाला आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर एकाच मालावर अगणित वेळा धंदा झाला.

तेव्हाच कोणीतरी इशारा दिला होता

हा निर्णय सगळ्यांना मान्य नव्हता. जुलै १९९४ मध्ये चार जणांनी विरोधाचा कागद लिहिला. त्याचं शीर्षकच होतं, '१० नंबरचं नेटवर्क घातक आहे' अशा अर्थाचं. त्यांचा मुद्दा साधा होता. पत्त्याची किंमत तो एकमेव असण्यात आहे. आज प्रत्येकजण आपल्या भिंतीच्या आत तेच आकडे वापरेल. उद्या दोन कंपन्या एकत्र आल्या, दोन नेटवर्क जोडायची वेळ आली, की दोन्हीकडे १०.०.०.५ निघेल. मग कोणीतरी एकाने सगळं बदलायचं, आणि तो खर्च आज कोणी मोजत नाहीये.

तीस वर्षांनी सांगतो, दोन्ही बाजू बरोबर निघाल्या. खासगी पत्ते नसते तर नवे पत्ते कितीतरी आधी संपले असते. आणि विरोध करणाऱ्यांनी सांगितलेला खर्च आज तुमच्या-माझ्यासारखे छोटे लोक भरतायत. हे मी अनुभवाने सांगतोय. माझ्या क्लासच्या दोन्ही सेंटरवर राउटर बसवताना मी 'आहे तसं राहू दे' म्हणून दोन्हीकडे १९२.१६८.१ ठेवलं. पुढे दोन्ही सेंटर व्हीपीएनने जोडायला गेलो तर पहिल्या सेंटरच्या कॉम्प्युटरला दुसऱ्याचा प्रिंटर सापडेना, कारण त्या नंबरचं यंत्र त्याच्या स्वतःच्या खोलीतही होतं! अॅडमिशनच्या दिवसांत दोन रात्री बसून एका सेंटरचे सगळे नंबर बदलावे लागले. चूक माझीच होती. पहिल्या दिवशी दहा मिनिटं विचार केला असता तर हे टळलं असतं.

चाळीचं गणित

आता या खासगी पत्त्यांवरून यूट्यूब चालतं कसं? चाळ डोळ्यासमोर आणा. चाळीला रस्त्यावरचा पत्ता एकच, आत खोल्या १ ते ४०. 'खोली नंबर ५' प्रत्येक चाळीत असते, त्यावरून भांडण होत नाही. पत्र बाहेर जाताना त्यावर चाळीचा पत्ता पडतो. फाटकावरचा माणूस वहीत लिहून ठेवतो की हे पत्र खोली ५ चं. उत्तर आलं की वही बघून ते खोली ५ कडे पोचवतो. हा फाटकावरचा माणूस म्हणजे तुमचा राउटर, आणि या पद्धतीला म्हणतात नॅट.

यातली मेख नीट लक्षात घ्या. आतून पत्र गेलेलं असेल तरच वहीत नोंद असते. बाहेरून कोणी अचानक आलं, तर फाटकावरच्या माणसाला कळत नाही की याला कोणत्या खोलीत पाठवायचं.

पत्ते आणखी कमी पडले तेव्हा नेट देणाऱ्या कंपन्यांनी हेच एक पायरी वर नेलं. अनेक ग्राहकांमध्ये मिळून बाहेरचा एकच पत्ता. म्हणजे चाळीच्या फाटकाबाहेर अख्ख्या वस्तीचं आणखी एक फाटक! याला सीजीनॅट म्हणतात. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा गट मुद्दाम राखून ठेवला गेला. मघाच्या त्या तालुक्यातल्या मुलाचं उत्तर हेच आहे. पाच हजार घरं तो या दुहेरी फाटकामागे बसवतो.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा. घरबसल्या दुकानाच्या डीव्हीआरला थेट पोचायचं असेल, दुकानातल्या कॉम्प्युटरवरचं बिलिंग सॉफ्टवेअर बाहेरून उघडायचं असेल, तर सीजीनॅटमागे ते होत नाही. तुमच्या राउटरमध्ये कितीही सेटिंग करा, वरचं फाटक तुमच्या हातात नसतं. म्हणून नेटवाला 'स्टॅटिक आयपी घ्या' म्हणतो. तो फसवतोय असं नाही. त्याच्याकडे मुळात पत्ते मोजके आहेत, आणि मोजक्या मालाला भाव येतोच.

पडीक पत्त्यांचा बाजार

भाव कसा आला ते बघण्यासारखं आहे. काहींनी पत्ते फुकट परत दिले. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने आपला ३६ नंबरचा अख्खा गट २००० साली परत केला, आणि २०१० मध्ये तो आपल्या एपनिककडे आला. १४ नंबरचा गट जुन्या काळच्या सार्वजनिक डेटा नेटवर्कसाठी राखलेला होता. ती पद्धत कालबाह्य झाल्यावर तोही मोकळा करून २०१० मध्येच एपनिकला दिला गेला. म्हणजे आपल्या भागातल्या इंटरनेटच्या वाढीला हे सेकंडहँड पत्ते खरोखर उपयोगी पडले.

मग मात्र साठा संपला आणि फुकटाचे दिवस गेले. २०११ मध्ये दिवाळखोरीत निघालेल्या नॉर्टेल या कॅनडाच्या कंपनीकडचे ६ लाख ६६ हजार ६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टने ७५ लाख डॉलरला घेतले. एका पत्त्याला सव्वाअकरा डॉलर पडले. बुडालेल्या कंपनीच्या सामानात टेबल-खुर्च्यांबरोबर विकण्यासारखी ही वस्तू निघेल, असं काही वर्षांपूर्वी कोणाला वाटलं नसतं.

दुसरं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. १९८१ पासून ४४ नंबरचा गट हौशी रेडिओवाल्यांच्या नावावर होता. त्यातला मोठा भाग वापरात नव्हता. २०१९ मध्ये त्यातला चौथा हिस्सा, सुमारे ४२ लाख पत्ते, ॲमेझॉनला विकला गेला. त्यातून १० कोटी डॉलरपेक्षा जास्त रक्कम आली आणि संबंधित संस्थेने तिचा निधी करून त्यातून अनुदानं द्यायला सुरुवात केली. काही रेडिओवाल्यांना हे पटलं नाही. 'सगळ्यांच्या मालकीची जागा मूठभरांनी विकलीच कशी?' हा त्यांचा प्रश्न होता. गायरान विकण्यावरून गावात जो वाद होतो, तोच हा वाद.

आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेने प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही-४ पत्त्याला तासाला अर्धा सेंट भाडं लावलं. वर्षाचे साधारण ४४ डॉलर होतात. तुम्ही क्लाउडवर सर्व्हर घेतला असेल तर बिलात ही ओळ शोधा.

'मग अजून काही पत्ते कुठे पडून नाहीत का?' आहेत. २४० ते २५५ ने सुरू होणारे, सुमारे २६ कोटी ८४ लाख पत्ते पहिल्यापासून 'भविष्यासाठी' राखीव आहेत. ते वापरात आणायचे प्रस्ताव २००८ मध्ये आले, २०२१ मध्ये पुन्हा आले. अडचण ही की जगभरातली असंख्य जुनी यंत्रं त्या पत्त्यांना पत्ता मानायलाच तयार नाहीत. प्लॉट आहे, पण रस्ता नाही!

जुन्या पत्त्याला जुना इतिहास असतो

सेकंडहँड टेम्पो घेताना आपण आरसी बघतो, चलन बाकी आहे का बघतो. पत्त्याचंही तसंच. आधीच्या वापरणाऱ्याने त्यावरून स्पॅम पाठवला असेल तर तो पत्ता ब्लॅकलिस्टमध्ये असतो, आणि तुमचं साधं कोटेशनसुद्धा ग्राहकाच्या स्पॅममध्ये जाऊन पडतं. कधी काही वेबसाइट तुमचं दुकान भलत्याच शहरात दाखवतात.

कधी तर न वापरलेल्या पत्त्यालाही खोड लागलेली असते. १ नंबरचा गट २०१० पर्यंत कोणालाच दिलेला नव्हता. पण 'कोणाचा नाही' म्हणून लोकांनी यंत्रांत १.१.१.१ आणि १.२.३.४ असे पत्ते खुशाल भरून ठेवले होते. तो गट एपनिकला मिळाला आणि चाचणीसाठी चालू केला, तर या पत्त्यांवर भरकटलेल्या ट्रॅफिकचा लोंढा आला. म्हणून १.१.१.१ कोणा साध्या ग्राहकाला देता येईना. शेवटी १ एप्रिल २०१८ ला क्लाउडफ्लेअर या कंपनीने एपनिकबरोबर मिळून त्याच पत्त्यावर मोफत डीएनएस सेवा सुरू केली. ज्याला सगळे नको म्हणत होते, तोच पत्ता लक्षात ठेवायला सगळ्यात सोपा ठरला.

आता तुम्ही काय करायचं?

१. आधी तपासा, मग पैसे द्या. राउटरच्या स्टेटस पानावर 'वॅन आयपी' बघा. मग ब्राउझरमध्ये 'माझा आयपी काय' असं शोधा. दोन्ही आकडे सारखे असतील तर तुम्ही सीजीनॅटमागे नाही. वेगळे असतील, किंवा वॅन आयपी १० ने अथवा १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल, तर तुम्ही दुहेरी फाटकामागे आहात.

२. स्टॅटिक आयपी खरंच लागतो का ते ठरवा. फक्त मोबाइलवर कॅमेरे बघायचे असतील तर बहुतेक नव्या डीव्हीआरचं ॲप पुरतं, कारण तिथे डीव्हीआर स्वतः आतून बाहेर संपर्क करतो. बिलिंग सॉफ्टवेअर क्लाउडवर असेल तरी गरज नाही. दुकानातच सर्व्हर असेल, किंवा एखादी बँक अथवा पार्टी 'तुमचा ठरलेला आयपी कळवा' म्हणत असेल, तर घ्या. आणि घेतलात तर डीव्हीआरचा कंपनीतून आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला. फाटक उघडलं की चोरालाही तेच उघडं असतं.

३. मिळालेल्या पत्त्याची आरसी बघा. ब्लॅकलिस्ट तपासणाऱ्या मोफत वेबसाइट आहेत, तिथे आकडा टाका. नाव निघालं तर पहिल्याच आठवड्यात नेटवाल्याकडून बदलून मागा. व्हिजिटिंग कार्ड, सॉफ्टवेअर, ग्राहकांच्या सेटिंग यांत आयपी कधीच लिहू नका. स्वतःचं डोमेन घ्या आणि ते द्या. पत्ता भाड्याचा असतो, नाव तुमचं असतं.

४. पहिल्याच दुकानात दुसऱ्या दुकानाचा विचार करा. १९२.१६८.०, १९२.१६८.१ आणि १०.०.० हे टाळा, कारण घरच्या राउटरमध्ये बहुधा हेच असतात, आणि घरून व्हीपीएन लावलं की टक्कर होते. मधला कोणताही आकडा निवडा. समजा पहिलं दुकान १०.४१, दुसरं १०.४२, गोडाऊन १०.४३. खासगी पत्त्यांचा नियम लिहिणाऱ्यांनीही आकडा असाच कुठूनतरी मधून उचलायला सांगितलंय.

५. दुकानाच्या आत रांग लावा. १ राउटरला, २ ते १९ कॅमेरे आणि डीव्हीआरला, २० ते ३९ बिलिंग आणि प्रिंटरला, १०० च्या पुढे मोबाइलना. एका वहीत लिहा आणि वही गल्ल्याजवळ ठेवा. नेटवर्क लावणारा मुलगा उद्या काम सोडून गेला तरी तुमचं अडणार नाही.

६. नवं यंत्र घेताना आयपीव्ही-६ चालतं का विचारा. नव्या पद्धतीत पत्त्यांचा तुटवडा नाही, आणि भारतात निम्म्याहून जास्त इंटरनेट वापरणाऱ्यांपर्यंत ती पोचलेली आहे. पण जुनी पद्धत इतक्यात जाणार नाही, दोन्ही बरोबरच चालणार. आज घेतलेला राउटर पाच वर्षं वापरायचाय, हे डोक्यात ठेवून खरेदी करा.

जाता जाता

आता तो कागद काढा. तिथे १९२.१६८.१ असेल आणि तुमचं एकच दुकान असेल, तर घाबरायचं कारण नाही, काही बिघडलेलं नाही. पण बदलायचं असेल तर आत्ताच सोपं आहे, चार यंत्रं आहेत तोवर. चाळीस झाल्यावर दोन रात्री जागाव्या लागतात, ते मी करून बसलोय.

आणखी एक काम करा. अर्पानेटचा वाडा पडून होता, कोणीतरी विचारलं 'याचा वेगळा उपयोग काय?' आणि जगाची पंचवीस-तीस वर्षं निघाली. नॉर्टेलची मालमत्ता मोजणाऱ्यांनी पत्त्यांची वहीसुद्धा मालमत्तेत धरली, म्हणून ७५ लाख डॉलर आले. आज संध्याकाळी गल्ला मोजून झाला की आपल्या धंद्यात काय काय पडून आहे त्याची यादी करा. जुना फोन नंबर जो अजून ग्राहकांना पाठ आहे, बंद केलेल्या व्यवसायाचं डोमेन, वापरात नसलेला माळा, दुपारी रिकामी असलेली गाडी. प्रत्येकासमोर एकच ओळ लिहा: विकायचं, भाड्याने द्यायचं, की दुसऱ्या कामाला लावायचं.

यादीतलं पहिलं नाव कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातल्याच काही घेऊन हिशोब मांडू. भेटू!